तालुक्याच्या गावातील लहान वकील कार्यालय: वकिलांची पार्श्वभूमी पाहून निवड करावी का?

कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्यातील आमच्या वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटपाचा दावा आता दाखल करावा लागणार, हे जवळजवळ निश्चित झाले आहे. मी आणि माझी बहीण नोकरीनिमित्त पुण्यात राहतो, त्यामुळे दाव्याचा बहुतेक भार वकिलांवरच राहील. नातेवाइकांनी तालुका न्यायालयाजवळचे एक कार्यालय सुचवले असून तेथे चार वकील एकत्र काम करतात. ज्येष्ठ वकिलांचे वडीलही याच न्यायालयात वकिली करत असत. दुसरे गृहस्थ तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर सनद (वकिलीचा परवाना) घेऊन या व्यवसायात आले. तिसऱ्या वकील बाई रसायनशास्त्राच्या पदवीधर आहेत आणि त्यांनी लग्नानंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण केला. चौथा तरुण राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा पदवीधर असून मुंबईतील मोठ्या फर्ममधील नोकरी सोडून गावी परतला आहे.

माझे मत असे की, ज्याला वकिलीतले काही कळत नाही अशा पक्षकारासाठी शिक्षणसंस्था हीच त्यातल्या त्यात भरवशाची खूण आहे, आणि म्हणून आमचा दावा त्या तरुणाने चालवावा असा आग्रह मी धरणार आहे. बहिणीला हे पटत नाही. येथील जाणकारांनी कृपया दोन गोष्टी सांगाव्यात: अशा कार्यालयात कोणती पार्श्वभूमी प्रत्यक्षात उपयोगी पडते, आणि वकील आपली माहिती फलकावर अथवा संकेतस्थळावर इतकी त्रोटक का देतात?

माणदेशी

चारही वकिलांची पार्श्वभूमी नंतर पाहा, आधी त्यांच्या कारकुनाची चौकशी करा. पुढची तारीख कोणती आणि फाईल कोठे आहे, हे त्याच्याशिवाय कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

काळाकोट

मी जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूने वकिली करतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. अधिवक्ता अधिनियम १९६१ खाली भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेने, केलेल्या नियमांपैकी ३६ व्या नियमाने वकिलाला जाहिरात करण्यास मनाई केली आहे. फलक वाजवी आकाराचाच असावा, आपण विधिज्ञ परिषदेचे अथवा वकील संघाचे पदाधिकारी आहोत किंवा होतो असे त्यावर लिहू नये, पूर्वी न्यायाधीश अथवा महाधिवक्ता होतो असे लिहू नये, आणि अमुक प्रकारच्या कामात विशेष प्रावीण्य आहे असेही सुचवू नये, असा तो नियम आहे. म्हणजे पक्षकाराला जे जाणून घ्यावेसे वाटते, नेमके तेच फलकावर लिहिण्यास बंदी आहे.

२००८ मध्ये या नियमात दुरुस्ती होऊन संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, सनद क्रमांक व तारीख, शैक्षणिक पात्रता आणि कामाची क्षेत्रे इतकी माहिती देण्याची मुभा मिळाली. त्यापलीकडे जिंकलेल्या दाव्यांची यादी किंवा समाधानी पक्षकारांचे अभिप्राय कोणी देत असेल, तर त्याच्या कायद्याच्या ज्ञानाविषयी शंका घेण्यास जागा आहे. तुमच्या वकिलांनी कमी माहिती दिली आहे, याचा अर्थ त्यांच्याकडे लपवण्यासारखे काही आहे असा कृपया काढू नका.

गंमतगार

वाजवी आकाराविषयी वाचून करमणूक झाली. आमच्या गावातील एका वकील महोदयांचा फलक एसटीच्या थांब्यावरून वाचता येतो आणि त्यावरील नावापेक्षा पदव्यांची ओळ लांब आहे. त्यातील दोन पदव्यांचा कायद्याशी काही संबंध नाही, पण त्या खऱ्या असल्यामुळे तक्रार तरी कशी करावी?

सातबारा

कृष्णाकाठ, तुम्ही ज्यांचा उल्लेख एका वाक्यात उरकला, त्या निवृत्त अव्वल कारकुनांकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छितो. माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली असल्यामुळे हे पक्षपाती मत आहे असे कोणी म्हणाल्यास माझी हरकत नाही, परंतु त्यामागचे कारण ऐकून घ्यावे.

शेतजमिनीच्या वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात जिंकला, म्हणजे जमीन हातात आली असे होत नाही. न्यायालय प्रत्येकाचा हिस्सा ठरवून हुकूमनामा देते, परंतु ज्या जमिनीवर शासनाचा महसूल आकारला जातो तिचे प्रत्यक्ष सरस-निरस (जमिनीचा कस पाहून केलेले) वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करावे लागते. तेथून कागद तहसीलदारांकडे येतात, उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाकडून मोजणी होते, वाटपाचा तक्ता तयार होतो, त्यावर हरकती येतात, १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एखाद्याचा हिस्सा ठरवून दिलेल्या किमान, म्हणजे प्रमाणभूत, क्षेत्रापेक्षा लहान होत असेल तर निराळाच पेच उभा राहतो, आणि हे सर्व पार पडल्यावर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नावे येतात. कित्येक कुटुंबांचे हुकूमनामे या वाटेवर वर्षानुवर्षे पडून राहिलेले मी पाहिले आहेत. दाव्याच्या वेळीच गट क्रमांक, जुने सर्व्हे क्रमांक, पोटहिस्से, विहिरीतील पाण्याचे हक्क आणि जाण्यायेण्याचा रस्ता यांचे वर्णन नेमके आले नसेल, तर त्या चुकीची किंमत शेवटी मोजावी लागते. तालुक्यातील जुने फेरफार ज्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहेत, अशा माणसाच्या नजरेतून ही चूक सहसा निसटत नाही.

नवा_अधिवक्ता

सातबारा यांच्या प्रतिसादातील माहिती मौलिक आहे आणि ती मला महाविद्यालयात कोणीही शिकवली नव्हती, हे मान्य करतो. तरीही या धाग्यात राष्ट्रीय विद्यापीठांच्या पदवीधरांना परस्पर मोडीत काढले जाऊ नये, म्हणून लिहितो.

कृष्णाकाठ यांच्या दाव्यात बहीणही वाटेकरी आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायादाचा, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतील सहहिस्सेदाराचा, हक्क मिळाला, पण दुरुस्ती लागू होण्याच्या वेळी वडील हयात असणे आवश्यक आहे की नाही, यावर पुढे अनेक वर्षे परस्परविरोधी निकाल येत राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तशी आवश्यकता नाही असे स्पष्ट केले. त्यानंतरही जुन्या समजुतीवर लिहिलेल्या कैफियती (प्रतिवादीची लेखी उत्तरे) आणि मुलींचा हिस्सा कमी दाखवणारे दावे मी वाचले आहेत. मोठ्या फर्ममध्ये वर्ष-दोन वर्षे काढलेल्या माणसाला निकाल शोधण्याची, तारखांचा तक्ता करण्याची आणि प्रत्येक विधानामागे कागद आहे का हे तपासण्याची सवय लागते. ही सवय गावच्या न्यायालयात वाया जात नाही.

काळाकोट

नवा_अधिवक्ता, सवयीविषयीचे आपले म्हणणे योग्य आहे, मात्र त्यात एक भर घालतो. वाटपाचा दावा बहुधा निकालांच्या आधारापेक्षा साक्षीपुराव्यावर उभा राहतो किंवा पडतो. पूर्वी तोंडी वाटणी झाली होती, ही प्रतिवादीची नेहमीची कैफियत असते. ती खोडून काढण्यासाठी शेजारच्या बांधावरील सत्तर वर्षांच्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते. त्या साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारावा, यापेक्षा कोणता विचारू नये हे कळायला न्यायालयात उभे राहून बरीच वर्षे घालवावी लागतात. शिवाय आपल्याकडे तालुका न्यायालयाचे कामकाज मुख्यतः मराठीत चालते, आणि इंग्रजीत विचार करून मराठीत लिहिलेला दावा न्यायाधीशांना पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो.

आणि पदवी कोठूनही घेतली असली, तरी २००९-१० पासूनच्या प्रत्येक पदवीधराला वकिली करण्यासाठी अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते. ती किमान पात्रतेची परीक्षा आहे आणि कायद्यांच्या टीपा नसलेल्या प्रती जवळ ठेवून देता येते, म्हणून ती उत्तीर्ण होणे हे कौशल्याचे प्रमाणपत्र समजू नये.

मधुमालती

त्या तिसऱ्या वकील बाईंविषयी अजून कोणीही एक शब्द लिहिलेला नाही, याची नोंद घ्यावी. मी स्वतः विज्ञान शाखेची पदवीधर असून मुले शाळेत जाऊ लागल्यावर विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला. सनद मिळाल्यानंतर पोटगी, घटस्फोट आणि मुलांचा ताबा यांखेरीज दुसरे काम माझ्याकडे येण्यास फार काळ लागला, कारण ‘मॅडमकडे घरगुती प्रकरणे द्यावीत’ असे पक्षकार, कारकून आणि सहकारी वकील या सर्वांनी परस्पर ठरवून टाकलेले असते. स्त्रियांना वकिली करता येईल असा कायदा १९२३ मध्ये झाला, पण फौजदारी अथवा जमिनीची कामे त्यांच्याकडे द्यावीत हे आजही अनेकांच्या मनात येत नाही.

विज्ञानाच्या पार्श्वभूमीचा उपयोग होतो का, असे मला अनेकदा विचारले जाते. अपघाताच्या दाव्यातील वैद्यकीय कागद, अन्नभेसळीच्या खटल्यातील प्रयोगशाळेचा अहवाल, अमली पदार्थांच्या प्रकरणातील नमुन्यांची हाताळणी यांत तो होतो. वाटपाच्या दाव्यात रसायनशास्त्र कामाला येणार नाही, हे खरे. मात्र वाटपाचा दावा हा बहुतेक वेळा भावंडांमधील भांडणाचाच कायदेशीर अवतार असतो, आणि ज्या वकिलाने कौटुंबिक न्यायालयात अनेक वर्षे काढली आहेत तिला तडजोडीची वेळ इतरांपेक्षा आधी कळते. कृष्णाकाठ, तुमचा दावा लोकअदालतीत मिटावा अशी थोडी जरी आशा असेल, तर बोलणी करण्यासाठी त्या बाईंना पुढे करा.

गोदातीर

मधुमालतीताईंच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत आहे. आता ज्येष्ठ वकिलांविषयी, म्हणजे वडिलांची गादी चालवणाऱ्यांविषयी, थोडे परखड लिहितो.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणीही वकील नव्हते. मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी मी ज्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून राहिलो, त्यांनी काम मन लावून शिकवले, पण मानधनाचा विषय कधी निघाला नाही. खोलीचे भाडे देण्यासाठी मी संध्याकाळी शिकवण्या घेत असे. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, आणि आमच्याकडील वकील संघाच्या खोलीत ती मोठ्याने वाचून दाखवल्यावर काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

ज्याच्या वडिलांचे कार्यालय, ग्रंथसंग्रह, पक्षकार आणि न्यायालयाच्या आवारातील ओळखी तयार आहेत, त्याला ही वर्षे काढावी लागत नाहीत. गावातील मोठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याच कार्यालयात जातात आणि ती कुटुंबे बहुधा वकिलाच्याच जातीची अथवा नात्यागोत्यातील असतात, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. सनदेचे शुल्कसुद्धा अनेक राज्यांत हजारोंच्या घरात गेले होते. कायद्यातील रक्कम खुल्या प्रवर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये एवढीच आहे आणि त्याहून अधिक घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला, तेव्हा कोठे तो अडथळा कमी झाला. त्यामुळे वडिलांपासूनचे वकील आहेत, एवढ्यावरून कोणी गुणवत्तेचा निष्कर्ष काढू नये.

सह्याद्रीचा_वारा

गोदातीर, तुमचा राग रास्त आहे, परंतु पक्षकाराच्या बाजूने पाहिल्यास जुन्या कार्यालयाचा एक लाभ राहतोच. आमच्या आजोबांनी केलेल्या दाव्याची कागदपत्रे न्यायालयाच्या अभिलेख कक्षातून नष्ट झाली होती, आणि त्यांच्या प्रती तेव्हाच्या वकिलांच्या मुलाच्या कपाटात सापडल्या. त्यांच्या जोरावर आमचे काम झाले.

तसेच त्याच कार्यालयाने यापूर्वी तुमच्या चुलत्यांचे काम केलेले नाही ना, हे कृष्णाकाठ यांनी पहिल्याच भेटीत विचारावे. तीन पिढ्यांचे कार्यालय असेल, तर अर्ध्या तालुक्याची गुपिते त्याच कपाटात असतात.

मांडवीकर

आमच्या गोव्यात पार्श्वभूमीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. कौटुंबिक मालमत्तेच्या बाबतीत येथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली व्यवस्था चालते, वारसांमधील वाटणी ‘इन्व्हेंटरी’ (मालमत्तेची यादी करून वाटप करण्याच्या) प्रक्रियेने होते, आणि १९६१ पूर्वीचे बरेचसे दस्त पोर्तुगीज भाषेत आहेत. म्हणून म्हापशाच्या किंवा मडगावच्या लहान कार्यालयात पोर्तुगीज वाचू शकणारे एखादे वयोवृद्ध वकील असतील, तर तरुण सहकारी त्यांना देवासारखे जपतात. महाराष्ट्रातून येथे जमीन घेणारी मंडळी पुण्याचे नामांकित वकील सोबत आणतात आणि मग ते नामांकित वकील दुपारी याच आजोबांकडे सल्ला घेण्यासाठी बसलेले दिसतात.

हडसनतीर

न्यू जर्सीहून लिहिते. येथील छोट्या शहरातील चार जणांच्या फर्मच्या संकेतस्थळावरही प्रत्येक वकिलाचे छायाचित्र, शाळेपासूनची माहिती, पूर्वी सरकारी वकील होते का, कोणत्या न्यायाधीशांकडे काम केले, हे सर्व असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये बेट्स खटल्यात वकिलांच्या जाहिरातींवरील सरसकट बंदी उठवली, त्यानंतर हे वाढत गेले. भारतातील माझ्या माहेरच्या जमिनीसाठी वकील शोधताना ही माहिती मिळत नाही म्हणून मीही आधी वैतागले होते. पण इतकी माहिती वाचूनही, माझे काम त्या फर्ममधला नेमका कोण करणार हे कळत नाही, असा येथील अनुभव आहे. छायाचित्र ज्येष्ठांचे असते आणि ईमेल कनिष्ठांचे येतात.

काळाकोट

हडसनतीर यांनी कळीचा मुद्दा मांडला. तपासणी कशी करावी, हे आता सांगतो.

वकिलाचा सनद क्रमांक पाहावा. महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेच्या क्रमांकाच्या शेवटी नोंदणीचे वर्ष असते, त्यामुळे पन्नाशीतील वकील तीस वर्षे वकिली करत आहेत की तीन, हे लगेच समजते. उशिरा येणे हा दोष नव्हे. पंचेचाळिशीनंतर सनद देऊ नये असा नियम विधिज्ञ परिषदेने केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द ठरवला आहे. त्यानंतर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा व न्यायालय निवडून वकिलाच्या नावाने प्रकरणे शोधावीत. त्यांच्याकडे वाटपाचे दावे किती आहेत, ते कोणत्या टप्प्यावर आहेत आणि रोजनाम्यात (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) ‘वकील गैरहजर’ किंवा ‘मुदतीचा अर्ज’ असे वारंवार दिसते का, हे कोणालाही घरी बसून पाहता येते. कोणत्याही पदवीपेक्षा ही माहिती मला अधिक बोलकी वाटते.

निवृत्त महसूल कर्मचाऱ्यांविषयी एक सावधगिरी. अधिकारी पदावरून निवृत्त झालेल्या वकिलाने आपल्या शेवटच्या पदाच्या समकक्ष अथवा कनिष्ठ अधिकाऱ्यापुढे उभे राहू नये, असा विधिज्ञ परिषदेचा नियम आहे. अव्वल कारकुनाच्या बाबतीत तो आड येणार नाही. मात्र ‘तहसीलमध्ये माझी माणसे आहेत’ अशा शब्दांत कोणी आपली पार्श्वभूमी सांगू लागला, तर तेथून उठावे.

सातबारा

शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन. ज्याला नियम ठाऊक असतात, त्याला माणसे सांगावी लागत नाहीत.

प्रश्नचिन्ह

अपिलाचे काय? तालुक्यातील वकील उच्च न्यायालयात उभे राहणार आहेत का, की तेव्हा पुन्हा नवा शोध घ्यायचा?

नवा_अधिवक्ता

वाटपाच्या दाव्यात पहिले अपील सामान्यतः जिल्हा न्यायालयात होते आणि दुसरे अपील उच्च न्यायालयात जाते. पूर्वी त्यासाठी साताऱ्याच्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्याकडे आले. तेव्हापासून या भागातील कार्यालयांमध्ये माझ्यासारख्यांची मागणी वाढली आहे, कारण उच्च न्यायालयातील इंग्रजी मसुदे आणि तेथील कार्यपद्धती हे काम आता बाहेर पाठवण्याऐवजी कार्यालयातच करावे असे ज्येष्ठांना वाटू लागले आहे. कृष्णाकाठ यांनी उल्लेखिलेला तरुण परत येण्यामागे हेच कारण असणे शक्य आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. बहिणीला घेऊन त्या कार्यालयात जाऊन आलो. आमच्या चुलत्यांचे कोणतेही काम त्यांनी केलेले नाही, हे आधी विचारून घेतले. ज्येष्ठ वकिलांनी स्वतःहून सांगितले की, दाव्याचा मसुदा तरुण वकील करतील, जमिनीचे वर्णन व जुने फेरफार निवृत्त अव्वल कारकून तपासतील आणि साक्षीपुरावा ते स्वतः चालवतील. बहिणीने तडजोडीचा विषय काढल्यावर वकील बाईंनी चुलत्यांना पाठवायच्या नोटिशीची भाषा सौम्य ठेवण्याचा सल्ला दिला. दावा एकट्या तरुणाने चालवावा, हा माझा आग्रह मी सोडला आहे. ई-कोर्ट्सवर ज्येष्ठ वकिलांच्या नावे वाटपाचे बरेच दावे दिसले. त्यांतील काही फारच जुने आहेत, पण विलंब कोणामुळे झाला हे रोजनाम्यावरून मला नीट उलगडले नाही.

एक शंका उरली आहे. वकीलपत्रावर चौघांचीही नावे घ्यावीत का? आणि पुढे आमचे पटले नाही, तर कागदपत्रे परत मिळतात का?

काळाकोट

चौघांची नावे अवश्य घ्या. ज्येष्ठ वकील दुसऱ्या न्यायालयात अडकले, तर उरलेल्यांपैकी कोणालाही अधिकृतपणे उभे राहता येते आणि तारीख वाया जात नाही. साक्षीपुरावा ज्येष्ठच चालवणार, हे मात्र फीच्या तपशिलासोबत लेखी मागून घ्या, आणि फी मिळणाऱ्या हिश्श्याच्या टक्केवारीवर ठरवू नका, कारण तसे करणे नियमाने निषिद्ध आहे. वकील बदलायचा झाल्यास आधीच्या वकिलांची ना हरकत घेण्याची प्रथा आहे. फी थकली या कारणास्तव वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही मूळ खरेदीखते आणि जुने उतारे देताना त्यांची यादी करून पोच घ्या, आणि एक छायाप्रत पुण्याच्या घरी ठेवा.

माणदेशी

आणि कारकुनाचा दूरध्वनी क्रमांक घेतलात ना?